आधी पाणी, मग गाणी

२ नोव्हेंबर

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. मला लिहिण्याची हौस नाही. पण आमच्या गावाचा अनुभव असा की कार्यक्रम पार पडला की सतरंज्या उचलणाराही मिशीला पीळ देऊन सांगतो, माझ्यामुळे झालं. तेव्हा कोण काय बोललं, कुणी कुठे कच खाल्ली, हे एका जागी असलेलं बरं.

येत्या २८ डिसेंबरला अण्णांची शंभरावी जयंती. अण्णा म्हणजे माझे वडील. गावाला ते गेनू मास्तर. चाकणच्या अलीकडे आमचं गाव. आता तिथे कंपन्यांची गोदामं आणि ट्रेलरच्या रांगा आहेत. तेव्हा बाजरी होती आणि दोन पाणवठे होते, एक आमचा, एक बौद्धवाड्याचा. अण्णा शाळेत शिकवायचे आणि सुट्टी लागली की स्वतः रचलेली गाणी घेऊन गावोगाव जलसा करायचे. त्यांच्या जलशाची एक रीत होती. चावडीपुढे बौद्धवाड्यातल्या बाईने भरलेली घागर ठेवायची आणि सोबत एकच फुलपात्र. आधी अण्णा प्यायचे, मग तेच फुलपात्र न विसळता पुढच्याच्या हातात. चार माणसं का होईनात, ती प्यायल्याशिवाय ढोलकीवर थाप पडायची नाही. ‘आधी पाणी, मग गाणी’ असं ते म्हणत. यापायी भावकीने आमच्या घराला वाळीत टाकलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होतो.

अण्णांनी गाणी कधी छापली नाहीत. त्यांच्या मंडळातली माणसं एकेक करून गेली. उरल्या फक्त बौद्धवाड्यातल्या सुभद्राबाई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान कोंडीराम अण्णांच्या ढोलकीवर असत. आज त्या बाईंच्या गळ्यात आहेत तेवढीच अण्णांची गाणी. मला स्वतःला मुलगा असून दोन ओळींच्या पुढे येत नाहीत. ती गाणी गावात, गावासमोर, एकदा ऐकायची आहेत. माझं दुसरं काही मागणं नाही.

आज दादासाहेबांच्या ऑफिसात बैठक झाली. दादासाहेब म्हणजे आमच्या गावचं हल्लीचं वजन. कंपन्यांना कामगार पुरवतात, ट्रेलर आहेत, हायवेला लग्नाचं लॉन्स आहे. म्हणाले, “नाना, लॉन्स फुकट. स्टेज, लायटिंग, जेवण, सगळं माझ्याकडं. पुण्याहून लोकसंगीताचा ग्रुप आणू. गुरुजींचं नाव झालं पायजे.” त्यांना निवडणूक लढवायची आहे, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. पण अडला हरी, दुसरं काय. मी म्हटलं, ग्रुप आणा, मात्र सुरुवात सुभद्राबाईंच्या गाण्याने होईल. ते म्हणाले, “व्हय की. म्हातारी मान्सं पायजेतच.”

६ नोव्हेंबर

दिघीच्या घरून रहाटणीला स्कूटरवर गेलो. नाशिक फाट्याला अर्धा जन्म गेला. सुभद्राबाई नातवाकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. नातू धम्मरत्न हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आजोबांची ढोलकी वाजवतो. मुलगा नम्र आहे. आजी मात्र तिखट.

मी विषय काढला तेव्हा मालिका चालू होती. ती संपेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं नाही. मग पहिला प्रश्न, “फलकावर माझं नाव केवढं?” मी म्हटलं, मोठं. “खाली बारक्या अक्षरात ‘इतर कलाकार’ टाकलं तर मी यायची न्हाई. आधीच सांगते.”

आणि मग अट. “घागर मी भरणार. फुलपात्र एकच. मास्तर पीत तसं, तोंड लावून. मास्तरांच्या घरचं माणूस पयलं पिईल, मंग गावातलं ज्याला ऐकायचं तो. ते झालं तर गाणं. न्हाई झालं तर तुमचा कार्यक्रम तुमच्यापाशी.”

मी म्हटलं, “बाई, त्यात काय एवढं? अण्णांच्या घरात भेदभाव कधी नव्हताच. मीच पहिला पिईन.”

त्यांनी रिमोट उचलला. “बगू,” म्हणाल्या.

हे ‘बगू’ मला आवडलं नाही. ज्याच्या बापाने गावाचा मार खाल्ला त्याच्याशी असं बोलायचं? पण गरज मला आहे. धम्मरत्न खाली सोडायला आला आणि म्हणाला, “काका, आजी बोलते अशी, पण जयंतीचं कानावर आल्यापासून गळा सांभाळतीय. लोणचं बंद केलंय तिने.” तेवढ्यावर मी खूश झालो.

१४ नोव्हेंबर

घागरीची गोष्ट हिला सांगितली आणि घरात ठिणगी पडली.

“तुम्ही स्टेजवर उभं राहून त्यांचं उष्टं पाणी पिणार? पहिल्या रांगेत माझ्या माहेरची माणसं असणार. पुनमला स्थळं बघतोय आपण.” पुनम म्हणजे आमची नात, आमच्या मुलाची, स्वराजची मुलगी.

मी चिडलो. म्हटलं, पहिला पिणारा मीच आहे, तर उष्टं कुणाचं? माझं! आणि हे गेनू मास्तरांचं घर आहे, इथे असली भाषा चालणार नाही. ही म्हणाली, “आत्याबाई असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.” माझ्या मेलेल्या आईला मध्ये ओढायची हिला सवयच आहे.

रात्री मी जेवलो नाही. स्वतःच्या घरात अण्णांचा विचार टिकला नाही याचं मला फार वाईट वाटलं. पन्नास वर्षं संसार केला या बाईबरोबर, पण पालथ्या घड्यावर पाणी.

२१ नोव्हेंबर

सुभद्राबाई आणि धम्मरत्न आज दिघीला आमच्याकडे आले. कोणती गाणी घ्यायची ते ठरवायचं होतं. सूनबाई तेजलने चहा केला. त्या दोघांना कागदी कपात, मला माझ्या मगात. हल्लीच्या मुलींना भांडी घासायचा कंटाळा. दोन कप वाढले तर काय हात झिजतात? गेल्या आठवड्यात दादासाहेब आले होते तेव्हा मात्र चांगला सेट काढला होता. मोठ्या माणसांपुढे पुढे पुढे करायची वृत्ती, दुसरं काय. मी तिला नंतर बोललोही. ती म्हणाली, “आईंनीच सांगितलं.” सासू-सुनेचं एरवी कशात जमत नाही.

सुभद्राबाईंनी कप हातात फिरवला, चहा संपवला, कप चुरगाळून स्वतःच्या पिशवीत टाकला. म्हटलं, ठेवा, इथे कचऱ्याचा डबा आहे. म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. आमचं आमी नेतो.” वळण चांगलं आहे जुन्या माणसांचं.

मग त्यांनी एक कडवं म्हटलं. आवाज कापतो, पण पट्टी सोडत नाहीत.

*विहिरीला न्हाई ठावं, कुणाचा हा पोहरा*
*वाकून जो बघंल त्याचा दाविते ती चेहरा*

मला या दोनच ओळी येत होत्या. पुढे काय आहे विचारलं तर म्हणाल्या, “फुडचं त्या दिवशी.” मोबाईलवर रेकॉर्ड करू का म्हटलं, तर नको म्हणाल्या. “मास्तरांनी सांगितलं हुतं, गाणं पाण्यावाचून द्यायचं न्हाई.” मला अण्णांचा वास आल्यासारखं झालं, खडूचा आणि तपकिरीचा. डोळे भरून आले. ही स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभी होती.

३० नोव्हेंबर

आज समितीची बैठक आणि माझी लढाई. हे नीट लिहून ठेवतो.

दादासाहेबांना घागर शोभेसाठी चालत होती. “मस्त सजवू. झेंडूच्या माळा, समई, शेजारी गुरुजींचा फोटो. पाणी मात्र बाटलीबंद ठेवू, नाना. येणारे कंपन्यांचे मॅनेजर लोक. आजारी-बिजारी पडलं कोण तर आपल्याच अंगावर.”

मी म्हटलं, तुमच्या लॉन्सवर लग्नात टँकरचं पाणी पिऊन हजार माणसं जातात, तेव्हा कोण आजारी पडतं? ते हसले. मग कुणी म्हणालं, एक फुलपात्र नको, सगळ्यांना वेगळे ग्लास द्या, भावना तीच. कुणी म्हणालं, हे जुनं झालं आता, आता कुठे राहिलीय जात? उगाच काढून कशाला दाखवायची? असं म्हणणारा आमच्याच भावकीतला. त्याच्या मुलीने बौद्ध मुलाशी लग्न केलं म्हणून त्याने तिचं जिवंतपणी तेरावं घातलं होतं. हे मी त्याच्या तोंडावर बोललो.

शेवटी मी उठलो. म्हटलं, घागर, एक फुलपात्र, तोंड लावून, जसं अण्णांनी केलं तसं. नसेल जमत तर अण्णांचा फोटो मी घेऊन जातो, तुम्ही तुमची लावणी नाचवा. आयुष्यात पहिल्यांदा मी दादासाहेबांसमोर आवाज चढवला. कंपनीत पस्तीस वर्षं सुपरवायझर होतो, पण साहेबापुढे कधी असा बोललो नव्हतो.

दादासाहेबांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाले, “बसा, नाना. तुमी पयले पिणार ना? मग तुमी जसं कराल तसं आमी तुमच्या मागून करू. तुमच्या घरचा मान हाय. बास?”

जिंकलो. बाहेर आलो. अण्णांना असंच वाटत असेल का, हा विचार मनात आला. सुभद्राबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं.” ‘बगू’वरून ‘बरं झालं’पर्यंत गाडी आली.

९ डिसेंबर

फलक लागले. मोशीपासून चाकणपर्यंत दादासाहेबांचा चेहरा. अण्णा कोपऱ्यात, आणि डोक्यावर गुलाबी फेटा! आयुष्यभर पांढऱ्या टोपीत वावरलेला माणूस, त्याला लग्नातला मामा केला. छापणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “काका, टोपीत लूक येत नव्हता हो फोटोला.”

सुभद्राबाईंचं नाव आहे, पण अगदी खाली. धम्मरत्नला फोटो पाठवला नाही. त्यांच्या बाजूला हे फलक नाहीत हे बरं आहे.

१९ डिसेंबर

गावातून रोज फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच: “नाना, खरंच पिणार का?” जणू विष प्यायचं आहे. हिचे भाऊ म्हणाले, आम्ही येऊ, पण मागे बसू. ज्याला त्याला माझ्या तोंडाकडे बघायचं आहे. मी सगळ्यांना सांगतो, या आणि बघा. चिंचवडला कंपनीच्या कँटीनमध्ये मी सगळ्या जातींच्या माणसांबरोबर एका टेबलावर जेवलो आहे. माझ्या मनात तसलं काही नाही, कधी नव्हतं. या एका बाबतीत मी अण्णांचा मुलगा आहे, हे कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

एकच धास्ती आहे, बाईंचा आवाज. थंडी वाढली आहे.

२९ डिसेंबर

कालचं लिहायला काल हात उठला नाही. आजही रागाने अक्षर वाकडं येतं आहे.

लॉन्स भरलं होतं. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे कामगार मंडळी उभी, शिफ्ट सोडून आलेली. स्टेजवर अण्णांचा फोटो, फेट्यासकट. सुभद्राबाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. घागर त्यांनी रहाटणीहून भरून आणली, धम्मरत्नने खांद्यावरून स्टेजवर नेली. पितळेची, चिंचेने लख्ख घासलेली. माळा त्यांनी काढून टाकायला लावल्या.

मी माईकवर रीत सांगितली. माझं बोलणं चांगलं झालं, असं मागून लोकांनी सांगितलं. अण्णांना वाळीत टाकलं तेव्हाचंही सांगितलं. मग सुभद्राबाईंनी फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं. त्यांचे हात थंड होते. म्हणाल्या, “घ्या, मास्तर.” मला मास्तर म्हणाल्या!

समोर लाइट. पहिल्या रांगेत ही, पदर तोंडाला लावून. शेजारी दादासाहेब, त्यांच्यामागे हिचे भाऊ आणि पुनमला बघायला यायचेत ती मंडळी. सगळं गाव. मी फुलपात्र उचललं, मान मागे केली, आणि प्यालो. सगळं प्यालो, थेंबही ठेवला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दादासाहेब लगेच वर आले. कानाशी म्हणाले, “हे असंच ना, नाना? वरून?” मी मान हलवली. त्यांनीही तसंच केलं, थोडं पाणी जाकिटावर सांडलं, फोटोवाले पुढे धावले. मग काय विचारता! सरपंच आले, भावकी आली, हिचे भाऊसुद्धा आले, जे मागे बसणार होते. मॅनेजर लोक आले. रांग लागली. प्रत्येकाने मान मागे करून, धार धरून. अण्णांच्या हयातीत जेवढी माणसं प्यायली नसतील तेवढी काल अर्ध्या तासात प्यायली. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मी अण्णांच्या फोटोकडे बघितलं.

सुभद्राबाई खुर्चीवर बसून एकेकाकडे बघत होत्या. रांग संपली. धम्मरत्नने ढोलकी मांडीवर घेतली. बाईंनी हाताने त्याला थांबवलं आणि माईक मागितला.

“फुलपात्राला कुणाचा ओठ लागला न्हाई,” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “मी सगळ्यांचं बघितलं. मास्तरांच्या घरापासून शेवटच्या माणसापर्यंत. कोरड्या ओठाला मास्तरांचं गाणं न्हाई. मला येत न्हाई असं समजा.”

उठल्या, घागरीतलं उरलेलं पाणी स्टेजखालच्या झाडाला ओतलं, आणि नातवाचा हात धरून उतरल्या. लोकांना नीट कळलंही नाही. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग.

मी मागे धावलो. गेटपाशी गाठलं. म्हटलं, बाई, अहो, सवय असते माणसाला, घरात पण मी असंच पितो, मनात काही नाही. त्या म्हणाल्या, “मनात नसंल. तोंडात हाय.” धम्मरत्नने रिक्षा थांबवली होती. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

आत पुण्याच्या ग्रुपने गोंधळ सुरू केला, मग लावणी. लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. दादासाहेबांनी माझा सत्कार केला, शाल, श्रीफळ आणि अण्णांच्या फोटोचं घड्याळ. म्हणाले, “म्हातारीचं मनावर घेऊ नका. कार्यक्रम एक नंबर झाला.”

शंभराव्या जयंतीला अण्णांचं एकही गाणं झालं नाही. एकही नाही. हे त्या बाईने केलं. महिनाभर मी गावाशी भांडलो, घराशी भांडलो, आणि शेवटी घात कुणी केला, तर जिच्यासाठी भांडलो तिने. एवढं पाणी प्यायलेलं दिसलं नाही, आणि धार दिसली!

३१ डिसेंबर

दोन दिवस डोक्यात तेच.

ही म्हणते, सुंठीवाचून खोकला गेला. पाणीही प्यायलं, बोलणीही खावी लागली नाहीत, माहेरची माणसं खूश, पुनमच्या स्थळाचा होकार आला. माझ्याशी इतकी गोड ही गेल्या दहा वर्षांत बोलली नव्हती. आज स्वतःहून शिरा केला. मला तो गोड लागला नाही.

वरून पाणी पिणं ही शिस्त आहे, त्यात जात कुठून आली? भांडं उष्टं करायचं नाही, हे आईने आम्हाला बोलता येण्याआधी शिकवलं. ती स्वच्छतेची फार भोक्ती. अण्णा जलशावरून आले की त्यांना आधी न्हाणीत पाठवायची, अंगावर पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही. त्यांचा तांब्या वेगळा, पडवीतल्या कोनाड्यात. अण्णा कधी काही बोलले नाहीत. घरात शांतता असायची. इतकं निर्मळ घर गावात दुसरं नव्हतं.

हे सगळं सुभद्राबाईंना कसं समजावणार?

५ जानेवारी

दुपारी घरात कुणी नव्हतं. तांब्याला तोंड लावून पाणी प्यालो. काही झालं नाही. पुन्हा प्यालो. म्हणजे मला येतं. मग त्या दिवशी काय झालं? मान मागे कधी गेली, ते मला कळलंच नाही. हे मी देवाशप्पथ लिहितो आहे.

ही आल्यावर ओठाचा डाग दिसला की काय कोण जाणे, तिने तो तांब्या घासायला टाकला.

संध्याकाळी धम्मरत्नचा फोन आला. मी त्याला चार शब्द सुनावायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, “काका, रविवारी आमच्या विहारात मुलींचा कार्यक्रम आहे. आजीने त्यांना मास्तरांची गाणी शिकवलीत. ती म्हणाली, त्यांना सांग, त्यांच्या बापाची गाणी हायेत.”

मी बघतो म्हटलं. फोन ठेवला आणि रडलो. ती गाणी नुसती रहाटणीतल्या तिसऱ्या मजल्यावर नव्हती, पोरीबाळींच्या तोंडी होती, आणि मला माहीत नव्हतं.

११ जानेवारी

गेलो. घरी सांगितलं, डोळे तपासायला जातो आहे.

विहाराच्या दारातच ती घागर, तेच फुलपात्र. शाळकरी मुली एकमेकींच्या हातातून फुलपात्र घेत होत्या, पीत होत्या, आत जात होत्या. बाया, म्हातारे, कुणी कामावरून आलेले. कुणी त्याचा गाजावाजा करत नव्हतं. चप्पल काढतात तसंच पाणी पीत होते.

माझा नंबर आला. मी ठरवूनच आलो होतो. फुलपात्र हातात घेतलं, दात आवळल्यासारखं झालं, मान मागे जायला लागली, तिला धरून ठेवली. ओठ लावले. आधी कुणाचे तरी ओठ लागलेली कड ओली होती. प्यालो. पाणी गार होतं. फुलपात्र पुढच्या बाईच्या हातात दिलं, तिने ते तसंच भरलं आणि प्यायली. अंग हलकं झालं. इतकं साधं होतं हे, असं वाटलं.

आत जाऊन भिंतीला टेकून बसलो. धम्मरत्नने थाप दिली आणि मुलींनी सुरू केलं. विहिरीचं पूर्ण गाणं आज पहिल्यांदा ऐकलं. शेवटचं कडवं असं आहे:

*घरी माझ्या दोन तांबे, एक आत, एक दारी*
*गावाला मी जागवितो, कोण जागं करी घरी*

म्हणजे अण्णांनी हे गाण्यात घातलं होतं. आईने कधी ऐकलं असेल का? मला हुंदका आवरेना. शेजारच्या माणसाने काही न विचारता रुमाल दिला. अण्णा माझे असून मी ते असे परक्या भिंतीला टेकून ऐकत होतो.

कार्यक्रम झाल्यावर सुभद्राबाईंपाशी गेलो. पाया पडलो. म्हटलं, “बाई, आज प्यालो. तोंड लावून. सगळ्यांसमोर.”

“सांगितलं मला,” त्या म्हणाल्या. “पर हितं सगळे आमीच हाय, नानासाहेब.”

मला त्यांचं बोलणं नीट लागलं नाही. वय झालं आहे त्यांचं. पण डोक्यावर हात ठेवला त्यांनी. चहा घेतला, कपबशीतून. निघताना धम्मरत्नची बहीण अंजली मागून पळत आली. मुलगी नर्सिंगला आहे, हसरी. “काका, तुमचा फोटो काढलाय मी, बघा ना किती भारी आलाय. दादा आहे ना तुमच्या समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्याला सांगते टाकायला. गेनू मास्तरांचे चिरंजीव म्हणून!”

फोटो खरंच चांगला होता. माझे डोळे मिटलेले, फुलपात्राची कड ओठांत, मागे रांग. अण्णांसारखा दिसत होतो मी, नाकाकडून. बराच वेळ बघत राहिलो.

मग म्हटलं, “नको गं. ग्रुपवर नको. पुनमची सुपारी फुटायची आहे अजून, उगाच लोकांच्या तोंडी नको.” तिने विचारलं, मग नुसता तुम्हाला पाठवू का? म्हटलं, मलाही नको, ही बघते माझा फोन. ठेवूच नकोस तो.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिथेच, माझ्यासमोर, पुसून टाकला. हल्लीच्या मानाने मुलगी समजूतदार वाटली.